तारीख मिळाली म्हणून बसून राहू नका!

लग्नाची तारीख ठरली की केळवणं सुरू होतात. पण ऑपरेशनची तारीख ठरली म्हणून केळवणं झालेली कधी ऐकलीत? बंगळूरला जयनगरात राहणाऱ्या आमच्या चुलतवहिनींच्या बाबतीत अगदी हेच झालं. वय सत्तेचाळीस, उंची पाच फूट एक इंच, वजन ११२ किलो. नऊ वर्षांचा मधुमेह, जिना दिसला की कुरकुरणारे गुडघे आणि रात्रीचं घोरणं असं की शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या लेकीने कानात कापूस घालावा. डॉक्टरांनी वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेचा, म्हणजे बेरिअॅट्रिक सर्जरीचा सल्ला दिला. घरात दोन महिने खल झाला आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख ठरली. बातमी फुटायचा अवकाश, बेळगावहून कुंदा आला, धारवाडहून पेढे आले, पुण्याहून बाकरवडी आली. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणींनी तर पुरणपोळीचा बेतच केला. सगळ्यांचं म्हणणं एकच, ''खाऊन घ्या हो, नंतर कुठे मिळणार?''

वहिनींनी खाल्लं. त्याहून वाईट म्हणजे संध्याकाळी चौथ्या ब्लॉकच्या बाजारापर्यंत जी थोडीफार चाल व्हायची, तीही बंद झाली. मी फोनवर विचारलं तर म्हणाल्या, ''ताई, आता ऑपरेशन होणारच आहे ना? वजन तेच उतरवणार. मग आत्तापासून पाय कशाला दुखवून घ्यायचे?''

प्रश्न बिनतोड वाटतो खरा. आणि तो वहिनींच्या एकट्यांचा नाही. या शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या पुष्कळ जणांच्या मनात तो असतो. पाश्चात्त्य डॉक्टरांनी तर या प्रकाराला 'लास्ट सपर' असं नावच देऊन टाकलंय, ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनावरून. म्हणजे माणसं तिकडचीही तशीच, फक्त तिकडे पुरणपोळी नसते.

या प्रश्नाचं उत्तर पोटातच आहे. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना सर्जनच्या वाटेत जठराच्या आधी यकृत येतं. यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर छपरासारखा पसरलेला असतो. तो एका दांड्याने उचलून धरल्याशिवाय खालचं काम करताच येत नाही. वर्षानुवर्षांचा लठ्ठपणा आणि त्यात मधुमेह असला की या यकृतात चरबी साठते. ते फुगतं, जड होतं, उचलताना त्यातून चटकन रक्त येऊ शकतं. म्हणूनच ऑपरेशनच्या आधीचे दोन ते चार आठवडे कमी उष्मांकांचा, भरपूर प्रथिनांचा आहार देतात. तो वजन कमी दिसावं म्हणून नसतो, यकृत आक्रसावं म्हणून असतो. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००६ साली अशा रुग्णांच्या यकृताचं माप घेतलं. बारा आठवड्यांच्या कडक आहाराने त्याचा आकार सरासरी जवळपास एकपंचमांश घटला आणि त्यातली ८० टक्के घट पहिल्या दोन आठवड्यांतच झाली. आता विचार करा, त्याच दोन आठवड्यांत कुंदा आणि पुरणपोळी पोटात गेली तर सर्जनपुढे काय वाढून ठेवलेलं असेल!

शस्त्रक्रियेचं स्वरूपही थोडक्यात सांगते, कारण 'पोटावरची चरबी काढतात' असाच पुष्कळांचा समज असतो. तसं काही नसतं. सध्या सर्वाधिक होणाऱ्या 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश ते ८० टक्के भाग काढून केळ्यासारखी अरुंद नळी ठेवतात. 'बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. बायपासची सुरुवात अमेरिकेत आयोवाच्या डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६०च्या दशकात केली. आपल्या मराठी घरांत हा शब्द पोचला तो मात्र २०११ च्या सप्टेंबरात, जेव्हा भाजपचे तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली.

कोणी करावी? त्यासाठी डॉक्टर बीएमआय पाहतात, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. वहिनींचा आकडा ४६ च्या वर जातो. पण भारतीयांचं गणित जरा निराळं आहे, हे जगाला पटवण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा मोठा वाटा. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचं शेजारी शेजारी छायाचित्र छापून आलं. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आपल्या लोकांत कमी वजनालाही चरबी जास्त, आणि ती पोटाभोवती. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी म्हणूनच आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचा विचार २७.५ पासून करावा असं म्हटलं. विमा कंपन्यांची पट्टी मात्र अजून वरची. विमा नियामक प्राधिकरणाच्या ठरीव अटींप्रमाणे बीएमआय किमान ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार, आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखं काही. आणि आणखी एक अट असते, जी कागद हातात येईपर्यंत कुणी वाचत नाही : इतर साधे उपाय करून पाहिले आणि ते अपुरे पडले, हे दिसायला हवं. तेव्हा आहाराची, चालण्याची, वजनाची एक वही आजपासूनच ठेवा. डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्याही त्यातच लावा.

आता चालण्याबद्दल. ११२ किलोंच्या बाईला 'रोज दहा हजार पावलं चाला' असं सांगणं म्हणजे तिला घरी बसवण्याचा हमखास मार्ग. हा दहा हजारांचा आकडा आला कुठून, ठाऊक आहे? जपानमध्ये १९६५ साली एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नाव 'मानपोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. कंपनीला नाव झोकदार हवं होतं, इतकंच! पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या बायकांवर अभ्यास झाला, त्यात दिवसाला ४,४०० पावलांपासूनच फायदा दिसू लागला आणि ७,५०० च्या पुढे तो फारसा वाढला नाही. म्हणून आपली सुरुवात आपल्या आकड्यापासून करावी. वहिनींच्या लेकीने फोनवर मोजलं, तर दिवसभरात स्वयंपाकघर धरून १,९०० पावलं भरली. पहिल्या आठवड्यात ठरलं ते एवढंच, की रोज २,३०० करायची.

तीही सगळी उभ्याने नव्हेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्चीपासून सुरुवात करावी. खुर्चीत ताठ बसून एकेक पाय सरळ करून पाच आकडे धरायचा, टाचा-चवडे आलटून पालटून उचलायचे, हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि परत बसायचं. सुरुवातीला पाच वेळाही जमत नाही, महिन्याभरात दहा जमतात. खुर्ची म्हटलं की बी. के. एस. अय्यंगारांची आठवण होणारच. जन्म कर्नाटकातल्या बेळ्ळूरचा, कर्मभूमी पुणे. खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे यांचा आधार देऊन त्यांनी आजारी आणि जड शरीराच्या माणसांनाही आसनं करायला लावली. त्यांच्या पद्धतीचे वर्ग बंगळुरातही आहेत. शिक्षकांना ऑपरेशनची कल्पना आधी द्यावी म्हणजे झालं.

गुडघ्यांचा एक हिशेब मला स्वतःला फार दिलासा देणारा वाटतो. एक किलो वजन उतरलं की चालताना दर पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. ऑपरेशनच्या आधी चार-पाच किलो उतरले तरी गुडघ्याला वीस किलोंची सुटका. काट्यावर चार किलो म्हणजे काहीच नाही असं वाटतं. गुडघ्याला मात्र लगेच कळतं.

बंगळूरकरांना या बाबतीत देवाने झुकतं माप दिलंय. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवरचं गाव, त्यामुळे सकाळची हवा उन्हाळ्यातही सुसह्य. पाऊस पडतो तो बहुधा दुपारनंतर. तेव्हा चालायची वेळ सकाळचीच ठेवावी. शिवाय हैदरअलीने १७६० मध्ये सुरू केलेली लालबाग आहे, २४० एकरांची. सपाट रस्ते, दाट सावली आणि बसायला बाक. ज्यांना धाप लागते त्यांच्या दृष्टीने बाक ही फार मोलाची गोष्ट. वहिनींचा पहिला नियम होता, एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत. धाप लागली तरी शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, बोलता येईनासं झालं तर वेग जास्त आहे असं समजायचं. तिसऱ्या दिवशी त्या जोशात निघाल्या, तेव्हा मागून येणाऱ्या एका कानडी आजींनी हटकलं, ''निधान अम्मा, निधान!'' कानडीत निधान म्हणजे सावकाश. आपल्या मराठीत तोच शब्द ठेव्याला वापरतात, याची वहिनींना घरी येईपर्यंत गंमत वाटत होती.

लालबागेत एक धोकाही आहे, आणि तो दारातच उभा असतो. १९२४ पासूनचं एमटीआर! फेरी आटोपली की थेट तिथल्या रांगेत उभे राहणारे किती तरी जण दिसतात. वीस मिनिटांच्या चालीत जळतं त्याहून कितीतरी जास्त एका तुपाळ मसाला डोशातून परत मिळतं. वहिनींच्या यजमानांनी यावर बंगळुरी तोडगा काढला. इथे हॉटेलात 'बाय-टू' कॉफी मागायची पद्धत आहे, एका कॉफीचे दोन अर्धे पेले. बिनसाखरेची बाय-टू, मग घरी. चालण्याला शेवटी काहीतरी गोड, म्हणजे हवंहवंसं लागतंच. ते नाकारलं तर चौथ्या दिवशी माणूस उठत नाही.

घरी करायचा आणखी एक व्यायाम आहे, त्याला चप्पलही लागत नाही. तीन चेंडूंचं प्लॅस्टिकचं एक छोटं यंत्र औषधाच्या दुकानात मिळतं, स्पायरोमीटर म्हणतात. पुष्कळ जण ते फुग्यासारखं फुंकतात. ते फुंकायचं नसतं, नळी तोंडात धरून हवा सावकाश आत ओढायची, चेंडू वर चढतात. शस्त्रक्रियेनंतर पोट दुखतं म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो, मग फुफ्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही आणि संसर्गाची भीती वाढते. आधी महिनाभर सवय असलेल्याला त्या दिवशी शिकवावं लागत नाही. चालण्याचंही तसंच. ऑपरेशननंतर काही तासांतच पलंगावरून उतरवून चालवतात, कारण पायांतल्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ द्यायची नसते. जी बाई ऑपरेशनच्या आधी दोन महिने खुर्चीतून हाताशिवाय उठत नव्हती, ती टाके घातलेल्या पोटाने कशी उठणार?

हे सगळं कळतं हो, पण वळत नाही, असं तुम्ही म्हणाल. आणि खरी अडचण तिथेच आहे. उत्साह पहिले दहा दिवस असतो. मग एक दिवस पाहुणे येतात, एक दिवस पाऊस, एक दिवस 'आज बरं वाटत नाही'. अशा वेळी निर्धार, संकल्प वगैरे मोठे शब्द कामाला येत नाहीत, बाहेरून कुणीतरी मोजत असलं तर येतात. याचं झकास उदाहरण राजकारणातलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैनला एका जाहीर कार्यक्रमात गडकरींनी तिथले खासदार अनिल फिरोजिया यांना सांगितलं की, जितके किलो उतरवाल, तितके हजार कोटी रुपये तुमच्या भागातल्या कामांसाठी देईन. फिरोजिया तेव्हा १२७ किलोंचे. जून उजाडेपर्यंत त्यांनी चालून, व्यायाम करून, खाणं सांभाळून १५ किलो उतरवले होते! आपल्याला कुणी हजार कोटी देणार नाही. पण सकाळी सव्वासहाला खाली येऊन उभी राहणारी एक शेजारीण मिळाली तरी पुष्कळ. वहिनींना ती दुसऱ्या मजल्यावर मिळाली. स्वतःसाठी न उठणारी बाई दुसरीला खाली ताटकळत ठेवायला लाजते, हा आपल्या बायकांचा स्वभाव इथे उपयोगी पडला.

दुसरं म्हणजे रोज वजन करू नका. मीठ, पाणी, पोट साफ होणं, यांनी काटा दिवसाला एखादा किलो सहज हलतो आणि मन उगाच खट्टू होतं. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, ठरल्या वेळी. रोज लिहायचं ते आपल्या हातात आहे तेवढंच : किती पावलं, खुर्चीतून किती वेळा उठले, जेवताना पाणी प्यायले का. हो, तेही शिकून घ्यायचं असतं. ऑपरेशननंतर जेवताना पाणी चालत नाही, साधारण अर्धा तास अंतर ठेवावं लागतं. घास लहान आणि खूप चावून. मूग, अंडी, पनीर, ताक, सोयाबीन अशा प्रथिनांना ताटात पहिला मान. शाकाहारी मंडळींनी बी-१२ आणि लोह यांची तपासणी आधीच करून घ्यावी, कारण पुढे जन्मभर ही पूरकं घ्यावी लागतात.

चौथ्या आठवड्यात वहिनींच्या बाबतीत जे घडलं, त्याची तयारी मात्र कुणीच केली नव्हती. तपासण्या झाल्या. रिकाम्या पोटीची शुगर दोनशेच्या वर, आणि रात्रीच्या झोपेच्या तपासणीत निघालं की त्यांचा श्वास झोपेत वारंवार अडकतो. घोरण्याला घरात सगळे हसत होते, ते हे होतं. भूलतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं, आधी रात्री मास्क लावायचं यंत्र काही आठवडे वापरा, शुगर खाली आणा, मग बघू. तारीख महिनाभर पुढे गेली.

फोनवर वहिनी रडल्या. ''एवढं केलं ते फुकट गेलं, ताई. उद्यापासून मी नाही जाणार.'' तयारीच्या काळात माणूस सर्वांत जास्त कोसळतो तो इथे. इतके दिवस सगळं त्या एका तारखेसाठी चाललेलं असतं, आणि तारीखच काढून घेतली जाते. दोन दिवस त्या खरोखर गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सव्वासहाला शेजारणीने दारावरची बेल वाजवली. तिला तारखेशी काही देणंघेणं नव्हतं, तिला चालायला सोबत हवी होती. आणि मास्क लावल्याच्या पाचव्या-सहाव्या रात्रीनंतर एक नवल झालं, वहिनींना सकाळी ताजंतवानं वाटू लागलं. वर्षानुवर्षं ज्याला त्या आळस समजत होत्या, घरचेही समजत होते, ती अपुरी झोप होती. त्या महिन्यात पावलं ४,००० वर गेली. उत्साहाच्या आधी झोप तपासा, असं मी हल्ली सगळ्यांना सांगते.

घरच्यांना दोन गोष्टी. तिच्यासाठी वेगळं उकडलेलं आणि बाकीच्यांसाठी बटाटेवडे, असा थाट करू नका. आणि ऑपरेशनची गोष्ट लपवूही नका. मे २०२२ मध्ये याच बंगळुरात एका खासगी रुग्णालयात चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एकवीस वर्षांच्या कन्नड अभिनेत्रीचा मृत्यू झाला. घरी न सांगता ती दाखल झाली होती, अशा बातम्या तेव्हा आल्या. ती शस्त्रक्रिया निराळी, बेरिअॅट्रिक नव्हे. पण लोक काय म्हणतील या भीतीने एकटीने जाणाऱ्या बायका-मुली इकडेही असतात. निदान घरातल्या एकाला सगळे कागद, सगळ्या गोळ्या ठाऊक असल्याच पाहिजेत.

गोळ्यांवरून आठवलं. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना आहार एकदम कमी केला आणि चालणं वाढवलं तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. मात्रा डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या, फिरताना खिशात साखर ठेवा. वजनासाठीची आठवड्याची इंजेक्शनं २०२५ पासून भारतात मिळू लागली आहेत. ती घेत असाल तर भूलतज्ज्ञांना न विसरता सांगा, त्यांनी जठर रिकामं व्हायला उशीर लागतो. सिगारेट, तंबाखू, आणि हो, मिश्रीसुद्धा, किमान सहा आठवडे आधी बंद. चालताना छातीत दुखलं, चक्कर आली, एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना गाठायचं.

वहिनींचं ऑपरेशन दुसऱ्या तारखेला पार पडलं. त्या दिवशी वजन होतं १०६ किलो. संध्याकाळी नर्सने उठवलं तेव्हा त्यांनी आधी टाचा-चवडे हलवले, मग पलंगाची कड धरून उभ्या राहिल्या आणि दारापर्यंत जाऊन आल्या. पुढचे दोन आठवडे नुसतं पातळ, मग मऊ, मग घरचं जेवण चमच्या-चमच्याने, हा प्रवास तर आणखी मोठा आहे. त्याविषयी पुढच्या खेपेला.